तहात कोण हरते?

लढाईत जिंकायचे आणि तहात हरायचे, हे मराठ्यांच्या कपाळी लिहिलेलेच आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. गिरणीतला संप मिटला, भावाभावांत वाटणी झाली, शेताच्या बांधाचा तंटा पंचांनी तोडला, की कोणीतरी मान हलवून हे वाक्य म्हणतोच. वाक्य मोठे चटकदार आहे. त्यात आपल्या शौर्याची प्रौढी आहे आणि आपल्या भोळेपणाची कीवही आहे. दोन्ही गोष्टी एका दमात पदरात पडत असल्यामुळे ते कोणी तपासून पाहत नाही. आम्ही ते येथे तपासून पाहणार आहोत. जेत्यांनी तह कसा केला, कोणाशी केला, आणि पुढे त्या तहाचे काय झाले, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच इतिहासात त्याचे उत्तम नमुने आहेत, आणि त्यांतला एक तर आपल्या सोलापूरच्या भुईकोटाच्या तटाशी येऊन भिडतो.

तह घडतो कसा

तह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते. तंबूत दोघे समोरासमोर बसले आहेत, एक जिंकलेला, एक हरलेला. पहिला मागतो आहे आणि दुसरा मान खाली घालून देतो आहे. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. मोठे युद्ध एकट्याने जिंकले जात नाही. जिंकणाऱ्यांत दोन-तीन राज्ये असतात, आणि प्रत्येकाच्या पाठीशी आपापला दरबार, आपापले सावकार आणि आपापले सरदार असतात. त्यामुळे तहाच्या बोलण्याला एकाच वेळी तीन बाजू असतात. एक बोलणे शत्रूशी चालते, दुसरे मित्रांशी आणि तिसरे आपल्याच घरात. शत्रूशी चाललेले बोलणे कागदावर येते, म्हणून ते इतिहासात राहते. उरलेली दोन बोलणी पत्रांच्या गठ्ठ्यांत पडून राहतात. पण तह टिकणार की मोडणार हे बहुधा तेथेच ठरते.

तहाचे टप्पेही ठरलेले असतात. प्रथम लढाई थांबते, तिला युद्धतहकुबी म्हणावे. मग मोघम कलमे ठरतात: मुलूख किती, फौजखर्च किती, कैदी कधी सोडायचे. कलमे पाळली जातील याची हमी म्हणून ओलीस घेतले जातात किंवा एखादा किल्ला ताब्यात ठेवला जातो. त्यानंतर महालांच्या आणि परगण्यांच्या यादीसह पक्का तह लिहिला जातो. शेवटी ज्याच्या नावाने तो झाला त्या धन्याचा त्यावर शिक्का होतो. यांपैकी कोणताही टप्पा कच्चा राहिला की जिंकलेले हातून निसटू लागते. आता हे एकेका उदाहरणाने पाहू.

वडगावचा कागद

जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आली. तळेगावपर्यंत येताच तिला कळून चुकले की पुढे धान्य नाही, वैरण नाही आणि चहूकडे मराठी घोडदळ आहे. माघार घेताना ती वडगावाशी कोंडली गेली. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके होते. विजय पुरता मराठ्यांचा होता.

बोलणी सुरू झाल्यावर इंग्रजांनी सांगितले की, कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून असा करार करण्याचा आम्हांला अधिकार नाही. मराठ्यांकडून उलट प्रश्न आला, की मग १७७६ साली कर्नल अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला होता? प्रश्न बिनतोड होता. इंग्रजांनी मुकाट्याने कागदावर सह्या केल्या. १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसुद्धा, परत द्यायचा. राघोबादादांना स्वाधीन करायचे. बंगालहून निघालेली फौज परत फिरवायची. आणि हे सारे होईपर्यंत दोन इंग्रज ओलीस ठेवायचे, अशी कलमे ठरली.

सुटून गेल्यावर मुंबईकरांनी आणि कलकत्तेकरांनी हा कागद झिडकारला. सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता, असे ते म्हणाले. ज्यांनी फौज नेली त्यांना कंपनीने नोकरीतून काढले आणि गॉडर्डची फौज निर्वेधपणे सुरतेला पोहोचली. राघोबादादाही वाटेतून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. मराठ्यांच्या पदरी काय पडले? एक कोरडा कागद.

येथे मराठे तहात हरले असे म्हणता येईल काय? आम्हांला तसे वाटत नाही. कलमे कमी नव्हती आणि बोलणी करणारे भोळे नव्हते. उणीव एकच होती. कोंडलेल्या सेनापतीची सही आणि त्याच्या धन्याचा शिक्का यांत अंतर असते, आणि ते अंतर भरून निघेपर्यंत कोंडलेली फौज सोडायची नसते. जिंकणाऱ्याच्या हातातले खरे नाणे तेच होते. ते सही मिळताच खर्चून टाकले गेले.

हा धडा वाया गेला नाही. पुढे १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजींनी तह ठरविला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने वॉरन हेस्टिंग्जने जून महिन्यातच त्याला मंजुरी दिली. या खेपेस शिक्का लांबविला तो नाना फडणीसांनी. दक्षिणेत हैदरअली इंग्रजांशी लढत होता. तो लढत आहे तोवर इंग्रजांना तहाची गरज अधिक, हे नाना ओळखून होते. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, तेव्हा थांबण्याचे कारण संपले आणि पुण्याचा शिक्का झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, हे खरे. पण राघोबादादांचे प्रकरण कायमचे मिटले, वसई परत आली आणि इंग्रज व मराठे यांच्यात सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही. शिक्का कधी द्यावा आणि कधी रोखावा, ही विद्या पुण्याला अवगत होती.

श्रीरंगपट्टणची वाटणी

अनेक जेत्यांचा मिळून झालेला तह पाहायचा असेल, तर १७९२ च्या श्रीरंगपट्टणइतके चांगले उदाहरण नाही. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे एकत्र आले होते. १७९० मध्येच त्यांनी आपापसांत करार केला होता, की मिळेल तो मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यायचा. म्हणजे शत्रू हरण्याच्या दोन वर्षे आधी मित्रांमध्ये पहिला तह झाला होता.

फेब्रुवारी १७९२ मध्ये वेढा पडला, तेव्हा लॉर्ड कॉर्नवॉलिस स्वतः रणांगणावर होता. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके होते आणि निजामाच्या बाजूने त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क. टिपूच्या वकिलांशी रोजची घासाघीस कॉर्नवॉलिसच्या वतीने सर जॉन केनवे करीत असे. ठरले ते असे: टिपूने निम्मे राज्य द्यायचे, तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यायचे, त्यांतले निम्मे ताबडतोब आणि उरलेले तीन हप्त्यांत, सगळे कैदी सोडायचे, आणि हमी म्हणून दोन मुलगे ओलीस ठेवायचे. आठ-दहा वर्षांचे ते दोघे राजपुत्र हत्तीवरून इंग्रजांच्या छावणीत आले. त्या प्रसंगाची चित्रे पुढे विलायतेत फार गाजली.

ओलीस हाती आल्यावर महालांच्या याद्या सुरू झाल्या आणि तेथे तह मोडता मोडता राहिला. इंग्रजांनी कुर्ग मागितला. जेत्यांच्या हद्दीला लागून असलेला मुलूख द्यावा, असे मोघम कलम होते. कुर्ग तर टिपूच्या राजधानीच्या उशाशी होता. टिपू संतापला आणि पुन्हा तोफा लावण्याची तयारी झाली. परंतु मुलगे शत्रूच्या हाती, फौज मोडलेली आणि पहिल्या हप्त्याची रक्कमही बरीचशी गेलेली, अशा स्थितीत त्याला नमावे लागले. १८ मार्च १७९२ रोजी पक्का तह झाला. मोघम कलमात एक शब्द सैल राहिला, तर बलवान पक्ष त्यातून केवढे भगदाड पाडू शकतो, हे येथे दिसते.

आता जेत्यांच्या मनात काय होते ते पाहू. टिपूला पुरता बुडवावा असे हरिपंतांना वाटत नव्हते; पुण्याला नानांचेही तेच मत होते. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबातला आपला जुना मुलूख परत आला, एवढे त्यांना पुरे होते. टिपू नाहीसा झाला तर दक्षिणेत इंग्रजांना अडविणारा कोण उरेल, हा त्यांचा हिशोब होता. कॉर्नवॉलिसचाही हिशोब तोच, फक्त उलट बाजूने मांडलेला. शत्रू लुळा झाला, पण त्यामुळे मित्र मात्र फार माजले नाहीत, अशा आशयाचे समाधान त्याने आपल्या पत्रात व्यक्त केले आहे. तिघांच्या वाट्याला जवळजवळ सारख्याच वसुलाचा मुलूख आला. तराजू इतका काळजीपूर्वक धरला गेला, याचे कारण प्रत्येकाची नजर शत्रूच्या पारड्यावर नव्हती, मित्राच्या पारड्यावर होती.

टिपूने पैसे चुकते केले आणि १७९४ मध्ये मुलगे परत मिळविले. तहाची कलमे पाळली गेली. पण ज्या समतोलासाठी पुण्याने हात आखडता घेतला होता, तो सात वर्षेच टिकला. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्या खेपेस पुण्याची फौज युद्धात नव्हती. इंग्रजांनी एक लहानसा वाटा अटी घालून पुढे केला, पेशव्यांनी तो नाकारला आणि तोही इंग्रज व निजाम यांनी वाटून घेतला. सात वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळी तराजू धरणारा आता वाटणीलाच हजर नव्हता. असे का व्हावे? त्याचे उत्तर मधल्या काळात आहे, आणि ते सांगण्यासाठी आपल्या शेजारच्या खर्ड्याला जावे लागते.

खर्ड्याचा विजय आणि त्याचे काय झाले

बार्शीच्या पलीकडे परंडा आणि त्याच्या उत्तरेला खर्डा. आज ते गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. निजामाकडे चौथाई-सरदेशमुखीची बाकी वर्षानुवर्षे थकली होती. पुण्याचे वकील गोविंदराव काळे तिची मागणी करीत होते आणि मुशीरुल्मुल्क ती उडवून लावीत होता. शेवटी ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला गाठ पडली. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले अशा सर्वांच्या फौजा पेशव्यांच्या जरीपटक्याखाली उभ्या होत्या. निजाम खर्ड्याच्या लहानशा गढीत कोंडला गेला आणि दोन दिवसांतच त्याने तहाचे बोलणे लावले.

कलमे अशी होती. दक्षिणेला परंड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा, दौलताबादचा किल्ला, आणि १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत मिळविलेल्या मुलखापैकी पुढे परत गेलेला भाग पेशव्यांना मिळावा. बाकी आणि फौजखर्च मिळून तीन कोटी रुपये द्यावेत. नागपूरकरांचा हिस्सा वेगळा. आणि ज्या दिवाणाने तहाचे बोलणे धुडकावले होते, तो मुशीरुल्मुल्क पुण्याच्या स्वाधीन करावा. वडगावची चूक येथे झाली नाही. धनी स्वतः गढीत कोंडलेला होता. त्याच्याच हातून सारे ठरले आणि ओलीसही साधासुधा नव्हता, राज्याचा दिवाण होता. तहनामा म्हणून पाहिले तर खर्ड्याच्या कागदात उणे काढायला जागा नाही.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. गादीवर कोण बसणार, या एका प्रश्नाने पुढचे वर्षभर पुण्यात जे घडले ते लिहायला लाज वाटावी असे आहे. कधी बाजीराव, कधी चिमाजी. कधी नाना आणि परशुरामभाऊ एकत्र, तर कधी एकमेकांच्या विरुद्ध. दौलतराव शिंद्यांचे वजन आज या पारड्यात, उद्या त्या पारड्यात. नाना जीव वाचवून कोकणात महाडला गेले. आपला पक्ष पुन्हा उभा करण्यासाठी त्यांना फौज आणि पाठिंबा हवा होता. तो मिळविण्यासाठी त्यांनी निजामाला वचन दिले, की खर्ड्याला घेतलेला मुलूख परत करू आणि उरलेली रक्कम माफ करू. ही गोष्ट ऑक्टोबर १७९६ मधली. विजयाला अद्याप दोन वर्षेही झाली नव्हती.

आणि हे बोलणे जुळविण्यात कोणाचा हात होता? पुण्यात ओलीस असलेल्या मुशीरुल्मुल्काचा. जो पराभवाची हमी म्हणून आणला, तो जेत्यांच्या घरातील भांडणात मध्यस्थ झाला, आणि सुटून गेला तो आपल्या धन्याचे गेलेले परत मिळविण्याचे वचन गाठीला बांधून गेला.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. नेपोलियनचा पाडाव केल्यावर १८१४ मध्ये ऑस्ट्रिया, इंग्लंड, प्रशिया आणि रशिया व्हिएन्नाला जमले. हरलेल्या फ्रान्सचा वकील तालेराँ याला प्रथम कोणी विचारीत नव्हते. परंतु पोलंड आणि सॅक्सनी यांच्या वाटणीवरून चौघांत फूट पडली, आणि जानेवारी १८१५ मध्ये इंग्लंड व ऑस्ट्रिया यांनी त्याच तालेराँशी, आपल्याच दोन मित्रांविरुद्ध, गुप्त करार केला. जेते भांडू लागले की पराभूताची किंमत वाढते, हा नियम पुण्यालाही लागू होता आणि व्हिएन्नालाही. फरक एवढाच की व्हिएन्नाची भांडणे काही महिन्यांत मिटली. पुण्याची मिटली नाहीत.

खर्ड्याला इंग्रज तटस्थ राहिले, याचा निजामाला राग आला होता. तरीही १७९८ मध्ये त्याने इंग्रजांचीच तैनाती फौज पत्करली, कारण पुण्याच्या आधाराचा कोणाला भरवसा उरला नव्हता. महादजी आणि हरिपंत १७९४ मध्येच गेले होते. मार्च १८०० मध्ये नानाही गेले. जे तह करू शकत होते आणि पाळून घेऊ शकत होते, ते एकामागून एक निघून गेले.

सोलापूरच्या तटाशी

यानंतरचे तह आपण जेते म्हणून केलेले नाहीत. वसई, देवगाव, सुर्जी-अंजनगाव आणि १३ जून १८१७ चा पुण्याचा तह, ही नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. अखेर नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि बाजीराव पुणे सोडून निघाले. ते खानदेशाकडे दौडत असता पेशव्यांचे पायदळ आणि तोफखाना सोलापूरच्या आश्रयाला होता. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो येथे आला. १० मे रोजी पेठ पडली, गणपतराव पानसे जखमी झाले आणि १५ मे रोजी किल्ला उतरला. किल्ल्यातील लोक जिवाची आणि खासगी मालमत्तेची हमी घेऊन बाहेर पडले. आपल्या गावात झालेला हा एका लहानशा तहाचाच प्रसंग होय.

या युद्धात जेता एकटा होता. त्याला कोणाशी वाटणी करायची नव्हती. म्हणून त्याचे सारे लक्ष एकाच प्रश्नावर होते, की जिंकलेले पचवायचे कसे? एल्फिन्स्टनने त्याचे उत्तर युद्ध चालू असतानाच, ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात दिले. पेशव्यांचे राज्य गेले. पण साताऱ्याच्या छत्रपतींना लहानसे राज्य मिळेल, वतने व इनामे चालू राहतील, देवस्थानांना हात लागणार नाही. पटवर्धनादी जहागीरदारांशी वेगळे करार झाले. साताऱ्याशी सप्टेंबर १८१९ मध्ये तह झाला, अक्कलकोटकरांशी १८२० मध्ये. एका मोठ्या तहाऐवजी अनेक लहान तह, आणि प्रत्येकाला वाटावे की आपले तेवढे राहिले, ही त्यातली खुबी होती. पेशव्यांच्या झेंड्याखाली पुन्हा एकत्र येण्याचे कारणच कोणाला उरू नये, असा तो बेत होता.

खुद्द बाजीरावांशी असीरगडाजवळ माल्कमने बोलणे केले. सालीना आठ लक्ष रुपये घेऊन त्यांनी ब्रह्मावर्ताला राहावे असे ठरले. ३ जून १८१८ रोजी ते माल्कमच्या छावणीत आले. गव्हर्नर जनरलला ही रक्कम फार वाटली. पण आपल्या माणसाने दिलेला शब्द त्याने पाळला. वडगावच्या वेळी कागद झिडकारणारी कंपनी ती हीच. आता शब्द पाळण्यात तिचा फायदा होता. मात्र बाजीराव जगले तेहतीस वर्षे, आणि १८५१ मध्ये ते वारल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांना कंपनीने नेमणूक नाकारली. साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केले. पराभूताला जे थोडेसे ठेवले होते, तेही जेत्याने काढून घेतले. १८५७ मध्ये कानपुराला त्याचे उत्तर मिळाले. तहात पराभूताला काय उरते, याची चौकशी जेत्याने का करावी, याचे यापरते कारण सांगायला नको.

पॅरिसचे टेबल

पहिल्या महायुद्धानंतर १८ जानेवारी १९१९ रोजी पॅरिसला शांतता परिषद भरली, तेव्हा हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. महिनोन्‌महिने जेते आपापसांतच बोलत होते. इटलीचा ऑर्लँडो फ्यूम शहरासाठी रागावून उठून गेला. शांटुंग जपानला दिल्यामुळे चीनने सही केली नाही. जर्मनांपुढे कलमे ठेवली गेली ती थेट ७ मे रोजी, आणि २८ जूनला व्हर्सायला सह्या झाल्या. खंडणीचा आकडा तर तेव्हा ठरलाच नाही. तो १९२१ मध्ये ठरला. टिपूला निदान आपण किती देणे लागतो हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आणि ज्या अध्यक्ष विल्सनने राष्ट्रसंघाची कल्पना पुढे रेटली, त्याच्याच देशाच्या सिनेटने तो तह नामंजूर केला. सही करणारा आणि शिक्का मारणारा यांतले वडगावचे अंतर वॉशिंग्टनलाही चुकले नाही.

या परिषदेत हिंदुस्थान जेत्यांच्या बाजूला होता. दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई समुद्रापार गेले होते आणि त्यांत मराठे पुष्कळ होते. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने परिषदेसाठी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली. टिळक त्या वेळी लंडनमध्येच होते. त्यांना पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लेखी निवेदन पाठविले. हिंदुस्थानच्या नावाने टेबलाशी बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिंह. रक्त सांडणाऱ्याला खुर्ची मिळतेच असे नाही. ज्याच्या घरावर दुसऱ्याची सत्ता आहे, तो जिंकूनही तहाला हजर नसतो.

मग तहात कोण हरते?

स्वतंत्र भारतालाही हे वाक्य सुटलेले नाही. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदचा करार झाला, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेथे होते. हाजीपीरची खिंड परत द्यावी लागली आणि आपल्याकडे पुन्हा तेच वाक्य घरोघर ऐकू आले. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर तर ते अधिकच मोठ्याने म्हटले गेले. त्र्याण्णव हजार कैदी हातात असताना आपण काय मिळविले, असे लोक विचारीत. हा प्रश्न विचारणे चूक नाही. पण तो विचारताना पूर्वीच्या अनुभवाने शिकविलेले प्रश्नही बरोबर घेतले पाहिजेत. समोरच्याची सही त्याच्या घरी चालेल काय? आपल्या मित्रांना, किंवा मध्यस्थांना, आपला विजय कितपत हवा आहे? पराभूताला उरले ते त्याला शांत बसविण्याइतके आहे, की पुढच्या युद्धाचे बी आहे? आणि सर्वांत शेवटी, जे मिळाले ते राखायला आपले घर एक आहे काय?

या कसोटीवर आपले जुने तह घासून पाहिले, तर ते वाक्य अर्धेच खरे ठरते. वडगावला आपण फसलो, पण सालबाईला शिकलो. श्रीरंगपट्टणला तराजू नीट धरला. खर्ड्याला तर रणांगणावर जेवढे मिळाले तेवढे सारे कागदावर उतरले. हरिपंत, महादजी आणि नाना यांच्यासारखी माणसे कोणत्याही दरबारात उठून दिसली असती. त्यांना भोळे म्हणणे अन्यायाचे आहे. खर्ड्याचा विजय निजामाच्या वकिलाने हिरावून नेला नाही. गादीसाठी भांडताना आपणच तो मोडीत काढला आणि त्याची किंमत एकमेकांना पाडण्यासाठी वापरली.

म्हणून ते वाक्य बदलून म्हणावे, असे आम्ही सुचवितो. आपण लढाईत जिंकलो, तहातही जिंकलो, आणि घरी येऊन हरलो. असे म्हटल्याने शौर्याची प्रौढी थोडी कमी होईल आणि भोळेपणाची सबब तर उरणारच नाही. पण जे शत्रूच्या कपटाने जाते त्याच्यासाठी नुसते हळहळता येते. जे आपल्या भांडणाने जाते ते पुन्हा जाऊ न देणे आपल्या हातात असते. खर्डा आपल्यापासून फार लांब नाही. ज्यांना सवड असेल त्यांनी एकदा तेथे जाऊन ती गढी पाहावी, आणि तेथे जिंकलेल्या लढाईबरोबर पुढच्या दीड वर्षाचाही हिशोब मांडावा.